आत भाकऱ्या थापणारी बाई

बचत गटाच्या कामासाठी घरोघरी फॉर्म भरायला जाते, तेव्हा दारात उत्तरं नवराच देतो. ‘‘ही ना? ही काही नाही करत, घरीच असते.’’ आणि ती आत भाकऱ्या थापत असते! कझाक बायकांविषयी वाचताना मला हेच दार आठवत राहिलं.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रशियाने मध्य आशियातला कझाकांचा गवताळ मुलूख हळूहळू ताब्यात घेतला. मागोमाग पुस्तकं आली. लिहिणारे बहुतेक पुरुष, त्यात लष्करातले आणि सरकारी नोकरीतले पुष्कळ. त्यांनी लोकांचं नावही धड घेतलं नाही. कझाकांना ते ‘किरगीझ’ म्हणत. अलेक्सेई लेवशिन या अधिकाऱ्याचा कझाकांवरचा मोठा ग्रंथ १८३२ मध्ये निघाला. घर, मुलं, शिवणटिपण, गुरंढोरं सगळं बायकाच बघतात आणि पुरुष आळशी, असं त्याने लिहिलं. निदान काम तरी त्याला दिसलं!

एकूण लेखनात मात्र दोनच चित्रं पुन्हा पुन्हा येतात. एक, ‘कालिम’ म्हणजे वधूमूल्य देऊन विकत आणलेली गुलाम. दुसरं, तोंड न झाकता घोडा दौडवणारी मोकळी बाई. आता हे सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. कालिम होता, विधवेने नवऱ्याच्या भावाशी किंवा नातलगाशी लग्न करण्याची चालही होती. मीरजाकिप दुलातोव या कझाक लेखकाने १९१० मध्ये ‘अभागी जमाल’ ही कादंबरी लिहिली, ती मनाविरुद्धच्या लग्नाबद्दलच. पण तो घरातला माणूस कळवळून बोलत होता. बाहेरच्याने ‘बिचारी गुलाम’ म्हटलं की ‘आम्ही सुधारायला आलोय’ म्हणायची सोय होते. इंग्रजांनी आपल्याकडेही हेच केलं की!

आणि ती स्वतः? लोकर भिजवून, दाबून तंबूसाठी नमदा करायचा, मुक्काम हलला की तंबू उतरवायचा, नव्या जागी उभा करायचा, घोडीचं दूध आंबवून कुमीस करायचं. हे सगळं तिच्याकडे. शिवाय ती गातही होती. कझाकांत ‘आयतिस’ म्हणून सवाल-जवाबाचा प्रकार आहे, दोघांनी समोरासमोर बसून आयत्या वेळी रचून गायचं. एकोणिसाव्या शतकातल्या सारा या कवयित्रीने बिरजान या नामांकित गायकाशी केलेला असा सामना आजही सांगितला जातो. तिचं लग्न नावडत्या माणसाशी ठरलं होतं, ते दुःख त्यात भर सभेत आलं. १९४६ मध्ये त्यावर ऑपेराही झाला.

म्हणजे बाई बोलत होती, चारचौघांत, मोठ्याने. लिहिणाऱ्यांनी एखादा दुभाषा घेऊन तिथे बसायला हवं होतं, इतकंच.