कन्सोलवर उमटणारी ओळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधील टूवूंबा हे नगर ग्रेट डिव्हायडिंग पर्वतरांगेच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर वसलेले असून, त्याच्या पश्चिमेस डार्लिंग डाउन्सचा जो विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे त्यातील काळी, भेगाळणारी जमीन आणि तीत उभी असलेली ज्वारी व कपाशी पाहून विदर्भातून आलेल्या माणसास आपण वऱ्हाडातच आहोत असे वाटावे. याच नगरातील सदर्न क्वीन्सलंड विद्यापीठात 1990 च्या दशकात प्राध्यापक जॉन बिलिंग्सली व त्यांचे सहकारी यांनी कॅमेऱ्याने पिकाच्या ओळी पाहून ट्रॅक्टरला आपोआप वळण देणारी यंत्रणा सिद्ध केली. शेतात राबणाऱ्या अशा यंत्रांच्या पोटी जे संगणक असतात त्यांपैकी अनेकांना पडदाच नसतो. आत काय चालले आहे हे जाणण्याचे साधन म्हणजे एका तारेने जोडलेल्या कन्सोलवर त्या संगणकाने स्वतः छापलेल्या ओळी. या ओळींविषयी विद्यार्थ्यांमध्ये, आणि क्वचित जाणत्यांमध्येही, जे समज रूढ आहेत त्यांपैकी काही समूळ चुकीचे आहेत. आणि ज्या पुराव्याच्या आधारे आपण यंत्राची परीक्षा करतो त्याचेच स्वरूप ठाऊक नसणे ही गोष्ट मला तरी गंभीर वाटते.

पहिला समज असा की, प्रिंटएफ ही आज्ञा सी भाषेचाच एक भाग असल्यामुळे ती सर्वत्र सारखीच उपलब्ध असते. वस्तुतः सी भाषेच्या व्याकरणात छापण्याची आज्ञाच नाही; प्रिंटएफ हे ग्रंथालयातील एक फंक्शन असून, ते आपला मजकूर अखेरीस कार्यप्रणालीच्या स्वाधीन करते. परंतु कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जेव्हा स्वतःच काही सांगावयाचे असते तेव्हा त्याच्या खाली दाद मागावी असे कोणीच उरत नाही, म्हणून प्रत्येक कर्नल आपली मुद्रणव्यवस्था स्वतःच लिहितो. याचा उत्तम दाखला ऑस्ट्रेलियातच सापडतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी 1976-77 मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल सटीप छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिला. पुढे परवान्याच्या अटींमुळे तो वर्गात शिकवण्यास मनाई झाली, तेव्हा त्याच्या छायाप्रती जगभर हस्तेपरहस्ते फिरत राहिल्या आणि त्याचे अधिकृत प्रकाशन 1996 सालीच होऊ शकले. त्या कर्नलमधील प्रिंटएफला शब्द, दशमान संख्या आणि अष्टमान संख्या यांपलीकडे फारसे काही कळत नाही. संख्येला पायाने, म्हणजे दहाने किंवा आठाने, भागावयाचे, भागाकार उरल्यास त्याच फंक्शनला पुन्हा पाचारण करावयाचे आणि परत येताना बाकीचा एकेक अंक छापावयाचा, एवढ्या मोजक्या ओळींत ते सारे काम आटोपते. 1991 साली लिनक्स जन्मास आले तेव्हा त्यातही प्रिंटके नावाची स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. कर्नल एरवी अपूर्णांकांच्या रजिस्टरांना हात लावत नसल्याने प्रिंटकेला आजही दशांश अपूर्णांक छापता येत नाहीत. म्हणूनच लिनक्समध्ये तापमान अंशाच्या सहस्रांशात, पूर्णांकानेच सांगितले जाते.

दुसरा समज याहून अधिक घातक आहे, आणि तो असा की छापण्यास काही मोल पडत नाही. लायन्स यांच्या ग्रंथात जो कर्नल आहे त्यातील अक्षर पाठवणारे फंक्शन कन्सोलयंत्र मोकळे झाल्याची खूण मिळेपर्यंत जागच्या जागी फेऱ्या मारत बसते आणि तोवर संपूर्ण प्रणाली जवळजवळ तहकूब होते. म्हणूनच या साधनाचा उपयोग केवळ गप्पागोष्टींसाठी करू नये अशी ताकीद मूळ लेखकांनीच तेथे टीपेत दिली आहे. ओळ संपली की हे फंक्शन शीर्ष डाव्या कडेला आणण्याची खूण धाडते, आणि मागोमाग काही निरर्थक अक्षरेही धाडते, कारण त्या काळच्या टंकयंत्राच्या शीर्षास परत येण्यास खरोखरच अवधी लागत असे.

ती टंकयंत्रे गेली, तथापि तारेची गती आजही मर्यादितच आहे. प्रत्येक अक्षरामागे आठ बिट आणि आरंभ व शेवट दर्शवणारे दोन, असे दहा बिट धरले, तर सेकंदाला 9600 बिटांच्या गतीने 960 अक्षरेच जातात. म्हणजे 60 अक्षरांच्या एका ओळीस 62.5 मिलिसेकंद लागतात. आता अशी कल्पना करा की, ट्रॅक्टरचा संगणक कॅमेऱ्याकडून दर सेकंदास 25 चित्रे घेत आहे, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी त्यास 40 मिलिसेकंदांचीच सवड आहे, आणि कोणा उत्साही विद्यार्थ्याने दर चित्रामागे एक ओळ छापण्याची तजवीज केली आहे. ओळ पुरती जाईपर्यंत थांबणारे मुद्रण असेल, तर चित्रांमागून चित्रे हुकतील, आणि ताशी 18 किलोमीटर वेगाने चाललेला तो ट्रॅक्टर एकेका ओळीच्या काळात सुमारे 31 सेंटीमीटर पुढे गेलेला असेल. दोष शोधण्यासाठी घातलेली ओळ येथे स्वतःच दोष होऊन बसते. आणि उलटपक्षी, ओळ काढून टाकताच गती बदलून मूळचा दोष प्रकट व्हावा किंवा लुप्त व्हावा, असेही घडते. ओळ घातल्यावर यंत्र नीट चालू लागले एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे तपास अर्ध्यावर सोडणे होय.

या अडचणीवर उपाय म्हणून आधुनिक कर्नल मजकूर प्रथम स्मृतीतील एका वर्तुळाकार बफरमध्ये नोंदवतो आणि कन्सोलकडे त्याची रवानगी मागाहून होते. यातूनच तिसरा समज उद्भवला आहे: जे छापले ते तत्क्षणी दिसलेच, आणि जे दिसले नाही ते घडलेच नाही. कचेरीच्या आवक नोंदवहीत कागद चढला म्हणजे तो साहेबांच्या टेबलावर पोहोचला असे होत नाही, तसाच हा प्रकार आहे. लिनक्समध्ये प्रत्येक संदेशाला 0 पासून 7 पर्यंत दर्जा असतो, 0 म्हणजे आणीबाणी आणि 7 म्हणजे केवळ तपासणीचा तपशील, आणि ठरवलेल्या मर्यादेहून कमी महत्त्वाचे संदेश कन्सोलवर न उमटता बफरमध्येच राहतात, जेथून ते डीमेसेज या आज्ञेने वाचता येतात. बफर भरला की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. म्हणून यंत्र बंद पडताना दिसलेली शेवटची ओळ हीच त्याने केलेली शेवटची कृती, हा निष्कर्ष सर्वस्वी असिद्ध आहे.

हा प्रश्न किती खोल आहे याची कल्पना एका अलीकडच्या घटनेवरून यावी. लिनक्सला काटेकोर वेळेत प्रतिसाद देण्यास समर्थ करणारे काम सुमारे वीस वर्षे चालले होते. ते मुख्य प्रवाहात सामील झाले ते 2024 साली, 6.12 या आवृत्तीत, आणि त्याच्या वाटेतील शेवटचा मोठा अडथळा दुसरा कोणता नसून हे प्रिंटकेच होते. मंद कन्सोलवर मजकूर धाडताना ते जी कुलपे धरून बसे ती सोडवावयाची, आणि तरीही कर्नल कोसळत असताना त्याचे अखेरचे शब्द बाहेर पडावेत याची शाश्वती ठेवावयाची, हे दोन्ही एकत्र साधणे दुर्घट होते. बफरची बिनकुलपी रचना 2020 सालच्या 5.10 आवृत्तीत आली, आणि त्यानंतरही चार वर्षे लागली.

स्मृतीतील पत्ता छापणे निरुपद्रवी असते, हाही भ्रमच. पत्ता कळला की आक्रमकास कर्नलची मांडणी कळते, म्हणून 4.15 आवृत्तीपासून लिनक्स खऱ्या पत्त्याऐवजी त्याचे सांकेतिक रूप छापते. तसेच बाहेरून आलेला मजकूर थेट नमुनामजकूर म्हणून, म्हणजे छापण्याचा साचा ठरवणारा मजकूर म्हणून, वापरणे सर्वथा वर्ज्य. टक्केचिन्हामागून एन हे अक्षर आले तर ग्रंथालयातील प्रिंटएफ स्मृतीत लिहितेही, आणि 2000 सालापासून या छिद्रातून अनेक सर्व्हर फोडले गेले. लिनक्सच्या कर्नलने ते अक्षर मानणेच सोडून दिले आहे.

मराठी वाचकास विशेष जिव्हाळ्याचा असलेला गैरसमज राहिला. नमुन्यात दहाची रुंदी मागितली म्हणजे दहा अक्षरांची जागा मिळते असे आपण गृहीत धरतो. प्रिंटएफ मात्र बाइट मोजते. ‘मराठी’ हा शब्द युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-8 रूपात 15 बाइट व्यापतो, म्हणून दहाच्या रुंदीत त्यापुढे एकही रिकामी जागा सुटत नाही आणि स्तंभ वाकडे होतात. मजकूर दहावर तोडण्यास सांगितल्यास ‘मरा’ पुढे ‘ठ’चा केवळ पहिला बाइट उरतो आणि पडद्यावर कचरा दिसतो. पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेल्या जिस्ट कार्डाने अक्षरी पडद्याच्या संगणकांवर भारतीय लिप्या आणल्या, आणि 1991 साली भारतीय मानक ठरलेल्या इस्की संकेतात जवळजवळ प्रत्येक वर्णाला व मात्रेला एकच बाइट पुरत असे. तरी तेथेही ‘मराठी’चे बाइट पाच आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरे तीनच. लिनक्सच्या स्वतःच्या अक्षरी कन्सोलमध्ये फार तर 512 आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे घडवण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे ज्यास कर्नलकडून मराठी ओळ हवी असेल त्याने तिचे बाइट तारेने दुसऱ्या संगणकाकडे अविकृत पोहोचवावेत, आणि स्तंभांची रुंदी तेथे, अक्षरे प्रत्यक्ष घडून झाल्यावरच, ठरवावी.