इव्हँजेलिकल चर्च नेमकं काय मानतं?

परवा मिरजेत वानलेस हॉस्पिटलबाहेर एका मित्राने विचारलं, "कॅथलिक आणि इव्हँजेलिकल, फरक काय रे?" चर्चचा इतिहास माझ्या आवडीचा, म्हणून लिहितोय.

इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी 1989 मध्ये इव्हँजेलिकल पंथाच्या चार खुणा मांडल्या.

पहिली खूण बायबलची: कॅथलिक चर्च बायबलसोबत परंपरा आणि पोपचा अधिकारही मानतं. इव्हँजेलिकल लोकांसाठी मात्र अंतिम शब्द बायबलचाच.

दुसरी वधस्तंभाची: येशूने वधस्तंभावर सर्वांच्या पापांसाठी प्राण दिला, म्हणून तारण विश्वासाने मिळतं, पुण्यकर्मांनी कमावता येत नाही.

तिसरी मनपालटाची: ख्रिस्ती घरात जन्मणं पुरेसं नाही. प्रत्येकाचा स्वतःचा मनपालट हवा.

आणि चौथी, विश्वास कृतीत उतरायला हवा: सुवार्ता सांगणं, सेवा करणं.

ही शेवटची खूण आपल्या भागात ठळक दिसते. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं.

चर्चमध्ये प्रवेश सहसा बाप्तिस्म्याने होतो. साताऱ्यात मात्र वेगळंच घडलं. रेव्ह. ना. वा. टिळकांनी स्वतः 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. तरी 1917 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या 'देवाच्या दरबारा'त त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही सामावून घेतलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. त्यावर अजून खूप लिहायला हवं.