फुटलेल्या ओठांवर मोहाचं तेल

थंडी पडली की ओठ उलतात आणि आपण नकळत ते जिभेने ओले करतो. क्षणभर बरं वाटतं. पण लाळ वाळली की ओठ आधीपेक्षा जास्त कोरडे पडतात. ओठांची कातडी पातळ असते आणि बाकीच्या कातडीसारख्या तेलाच्या ग्रंथी तिथे नसतात. म्हणून ओठांना वरून झाकण लागतं. लिप बामचं काम एवढंच. ओठातलं पाणी उडू न देणं.

हे झाकण घरी करता येतं. शहापूर आणि भंडाऱ्याच्या परिसरात त्याचं मुख्य साहित्य जवळच मिळतं. मोहाची फुलं वेचून झाली की पावसाच्या तोंडावर टोरी, म्हणजे मोहाची फळं येतात. त्यांच्या बियांचं तेल थंडीत लोण्यासारखं थिजतं आणि ओठांवर लगेच पातळ होतं. त्याला वास असतो. तो सोसवत नसेल तर अर्धं खोबरेल घाला. जवसाचं तेल मात्र नको. ते हवेने लवकर खवट होतं.

दुसरी वस्तू म्हणजे मधमाश्यांचं मेण. पोळ्याचं मेण गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळा. थंड झाल्यावर वर आलेली चकती काढून पूर्ण वाळवा. मेणबत्ती वापरू नका. तिच्यात रंग आणि सुवास घातलेला असू शकतो.

आता कृती. १० ग्रॅम मेण आणि ४० ग्रॅम तेल एका वाटीत घ्या. ही वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवा. थेंबभर मिश्रण थंड चमच्यावर टाकून पाहा. फार घट्ट वाटलं तर तेल वाढवा, सैल वाटलं तर मेण. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबी पाघळते, तेव्हा तेल ३० ग्रॅमच घ्या. मग कोरड्या, स्वच्छ डब्यांत ओता.

रंगासाठी बिटाचा रस किंवा गुलाबपाणी घालण्याचा मोह होतो. पण पाण्याचा अंश गेला की बुरशी धरते. लिंबू, कापूर, पुदिन्याचा अर्क, दालचिनीचं तेल यांनी चुरचुरतं, म्हणजे गुण येतो असं नव्हे; ती आग असते. मधाने ओठ चाटण्याची सवय वाढते, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये. नवीन बाम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा. एवढा खटाटोप नको असेल तर साधी पेट्रोलियम जेलीही हेच काम चोख करते.

शेवटी महत्त्वाचं. ओठांचे कोपरे वारंवार चिरत असतील तर त्यामागे जंतुसंसर्ग किंवा जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते. खर्रा, तंबाखू खाणाऱ्यांनी अधिक जपावं. ओठावरची जखम किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवा. त्यावर बाम लावत राहण्यात मोलाचे दिवस जातात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)