'ओव्हरलुक' आणि 'लुक ओव्हर': एका छोट्या शब्दाने केलेला घोळ

माझा पहिला पेपर जर्नलला पाठवायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मजकूर जवळपास तयार होता, फक्त पद्धतीच्या भागावरून गाईडनी एकदा नजर फिरवावी, एवढंच हवं होतं. मी मेल टाकला, 'सर, प्लीज ओव्हरलुक द मेथड्स सेक्शन.' डोक्यातला हिशोब सरळ होता. ओव्हर म्हणजे वरून, लुक म्हणजे बघणे. झालं की, 'वरून एक नजर टाका'!

सरांनी मी लिहिलं होतं तेच केलं. ओव्हरलुक म्हणजे दुर्लक्ष करणे. त्यांना वाटलं, हा भाग अजून कच्चा आहे आणि मी तो नंतर नीट करणार आहे. त्यांनी तो सोडून बाकी सगळं बारकाईने वाचलं. पेपर गेला. नंतर रिव्ह्यूअरचा शेरा आला, कारण त्याच भागात मी अँटिबायोटिकचं प्रमाण मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये लिहिलं होतं. म्हणजे थेट हजारपट फरक. शेऱ्याचा सूर असा होता की, इथे एवढी चूक असेल तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा? मग प्रत्येक तक्ता वहीशी पुन्हा ताडून पाहणं आलं, आणि त्यात काही महिने गेले.

त्यानंतर मी 'लुक'च्या मागेपुढे येणाऱ्या छोट्या शब्दांकडे जरा गांभीर्याने बघायला लागले. आजची पोस्ट त्यांच्यावर.

एकच मशीन, चार वाक्यं

आमच्या लॅबमधलं सेंट्रीफ्यूज घेऊ. ट्यूबा गरगर फिरवून त्यातला गाळ तळाशी बसवणारं मशीन.

'लुक ॲट द सेंट्रीफ्यूज.' मशीन समोर आहे, त्याच्याकडे बघ.

'आय ॲम लुकिंग फॉर द सेंट्रीफ्यूज.' मशीन सापडत नाहीये, मी ते शोधतेय.

'आय ॲम लुकिंग आफ्टर द सेंट्रीफ्यूज.' त्याची देखभाल माझ्याकडे आहे. बिघडलं तर मलाच विचारणार.

'आय ॲम लुकिंग इनटू द सेंट्रीफ्यूज प्रॉब्लेम.' काहीतरी बिघडलंय, कारण माहीत नाही, मी त्याच्या मुळाशी जातेय.

चारही वाक्यांत क्रियापद तेच आहे. पण मराठीत सांगताना आपण बघणे, शोधणे, सांभाळणे आणि छडा लावणे अशी चार वेगळी क्रियापदं वापरतो. म्हणजे अर्थाचं निम्मं ओझं ॲट, फॉर, आफ्टर, इनटू हे शब्दच वाहतात. शाळेत आपण 'लुक म्हणजे पाहणे' असं एकच उत्तर पाठ करतो आणि गाडी इथेच घसरते.

पेपरमध्ये हा फरक का महत्त्वाचा

मी नदीच्या पाण्यातल्या जिवाणूंवर काम करते. समजा मी लिहिलं, 'वी लुक्ड ॲट रेझिस्टन्स जीन्स.' वाचक धरून चालतो की ती जनुकं माझ्यासमोर होती आणि मी त्यांचा अभ्यास केला. पण 'वी लुक्ड फॉर रेझिस्टन्स जीन्स' लिहिलं, तर ती असतील की नाही हाच प्रश्न होता, आणि 'सापडली नाहीत' हेही एक उत्तर असू शकतं.

लुक फॉर लिहिलं की एक जबाबदारीही अंगावर येते. वाचक विचारणारच, कशाने शोधलंत, कुठपर्यंत शोधलंत? घरात चष्मा शोधताना फक्त टेबल बघून 'घरात चष्मा नाही' असं म्हणता येत नाही. तसंच मी तीन जनुकांचा शोध घेतला असेल, तर 'ही तीन सापडली नाहीत' एवढंच म्हणू शकते, 'पाण्यात रेझिस्टन्स नाही' असं नाही. न सापडणं आणि नसणं यातली ही दरी एखाद्या 'फॉर'मुळे दिसते, आणि तिथे 'ॲट' बसवलं की झाकली जाते.

लुक इनटू बोलताना छान, पेपरमध्ये मात्र लोक बहुधा 'इन्व्हेस्टिगेट' लिहितात. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला पाऊलखुणांचा शब्द आहे. म्हणजे अक्षरशः माग काढणे, मागोवा घेणे!

हे आपल्याला आधीपासून येतं

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. संस्कृतमध्ये 'ईक्ष्' हा धातू आहे, अर्थ पाहणे. त्याच्या आधी छोटे शब्द, म्हणजे उपसर्ग, लावून बघा:

परि + ईक्षा = परीक्षा
सम् + ईक्षा = समीक्षा
निर् + ईक्षण = निरीक्षण
अप + ईक्षा = अपेक्षा
उप + ईक्षा = उपेक्षा
प्रति + ईक्षा = प्रतीक्षा

यातलं प्रत्येक 'पाहणं' वेगळं आहे. आणि 'परि'च्या जागी 'उप' आला की तपासण्याचं दुर्लक्ष होतं. माझ्या मेलमध्ये नेमकं हेच झालं होतं. मला परीक्षण हवं होतं आणि मी उपेक्षा मागितली.

लॅटिननेही हाच खेळ केलाय. तिथेही पाहण्याचा एक धातू आहे आणि त्याच्या आधी छोटे शब्द लागतात. 'इन्स्पेक्ट' म्हणजे मुळात आत पाहणे, 'रिस्पेक्ट' म्हणजे वळून पाहणे, आणि तुच्छ लेखणे या अर्थाचा 'डिस्पाइज' म्हणजे खाली पाहणे. इंग्रजीतलं 'लुक डाउन ऑन' तेच सांगतं. तो छोटा शब्द संस्कृत आणि लॅटिन पुढे लावतात, इंग्रजी बहुतेक वेळा मागे. ओव्हरलुक मात्र त्यातलाही अपवाद, कारण तिथे तो पुढे आला आणि अर्थच उलटला. गंमत म्हणजे 'द रूम ओव्हरलुक्स द लेक' यात दुर्लक्ष वगैरे काही नाही. खोलीतून खाली तलाव दिसतो, एवढंच.

आणि रोजच्या मराठीत? आपण दुसरं क्रियापद जोडतो. 'बघून ठेव' म्हणजे पुढे लागेल म्हणून आत्ताच बघ. 'बघून टाक' म्हणजे एकदाचं उरक. आणि 'तुला बघून घेईन' म्हटल्यावर कोणी डोळ्यांचा विचारही करत नाही! यातला 'बघ' सुटा काढून कुणाला समजावता येईल का? लुकचंही तसंच आहे. तो मागच्या शब्दासकट शिकायचा.

हमखास चुकणाऱ्या दोन जागा

पहिली, 'इट' कुठे ठेवायचं? शब्दकोशात शोधणे म्हणजे लुक अप. 'लुक अप द वर्ड' चालतं, 'लुक द वर्ड अप'ही चालतं. पण 'तो' म्हणायचं असेल तर 'लुक इट अप'च, इट मध्येच येणार. नजरेखालून घालणे या अर्थाच्या लुक ओव्हरचंही तेच, म्हणजे 'लुक इट ओव्हर'. ॲट, फॉर, आफ्टर, इनटू मात्र आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखे आहेत. ते नामाला सोडत नाहीत. म्हणून 'लुक आफ्टर इट', 'लुक इनटू इट'. इथे मध्ये काही घुसवायचं नाही.

दुसरी, मेलच्या शेवटचं वाक्य. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' असं कित्येक जण लिहितात, मीही लिहायचे. बरोबर रूप 'टू मीटिंग यू'. हा 'टू' क्रियापदाचा नाही, 'कडे' या अर्थाचा आहे. कळत नसेल तर तिथे नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' बरोबर वाटतं ना? मग क्रियापदालाही नामासारखं रूप द्यायचं, म्हणजे मीटिंग, हिअरिंग, वर्किंग. मराठीत आपण यासाठी 'वाट पाहणे' म्हणतो. समोरच्या रस्त्याकडे डोळे लावून बसणं तिथेही आहेच.

आता मी काय करते

लुक असलेलं वाक्य पाठवण्याआधी ते मनात एका मराठी क्रियापदात बसवून बघते. शोधणे की सांभाळणे? तपासणे की दुर्लक्ष करणे? उत्तर पटकन आलं नाही, तर वाक्य बदलते आणि सरळ 'प्लीज चेक' लिहिते. त्यात कमीपणा काही नाही.

गेल्या आठवड्यात सरांना थिसिसचं दुसरं प्रकरण पाठवलं. या वेळी लिहिलं, 'कुड यू प्लीज लुक ओव्हर द मेथड्स सेक्शन?' आणि खाली मराठीत एक ओळ जोडली: सर, एककं नक्की तपासा.