'मिस्टर इंडिया २' आलाच नाही, 'स्टार ट्रेक ४' पण नाही! लाडक्या टीमला साधा निरोपही का मिळत नाही?

दहा वर्षं एक सिनेमा 'येतोय, येतोय' म्हणून सांगितला जातो. डायरेक्टर ठरतो, बदलतो, परत ठरतो. रिलीजची तारीखही जाहीर होते. आणि एक दिवस बातमी येते की नाही बुवा, आम्ही आता वेगळंच काहीतरी करतोय.

'स्टार ट्रेक'च्या नव्या टीमचं नेमकं हेच झालं. २००९, २०१३ आणि २०१६ असे तीन सिनेमे झाले. क्रिस पाइन, झॅकरी क्विंटो, झोई सालडान्या ही मंडळी त्यात होती. चौथ्या भागाची घोषणा तर तिसरा भाग थिएटरला लागायच्या आधीच झाली होती. त्यात कर्कच्या वडिलांच्या भूमिकेत क्रिस हेम्सवर्थ परत येणार होता. पुढे २०१८ मध्ये पैशांवरून बोलणी फिसकटली. मग वेगवेगळे दिग्दर्शक आले आणि गेले, मध्येच क्वेंटिन टॅरेंटिनोच्या एका कल्पनेचीही चर्चा झाली. २०२३ च्या डिसेंबरची तारीख लागली, पण दिग्दर्शक मॅट शॅकमन 'फँटॅस्टिक फोर' करायला निघून गेला आणि तारीखही गेली. २०२५ च्या अखेरीस बातम्या आल्या की पॅरामाउंटने या टीमचा नाद सोडलाय आणि नवा सिनेमा नव्या लोकांना घेऊन होणार.

तेव्हापासून जगभरचे फॅन्स एकच गोष्ट मागतायत. सिक्वेल नको, निदान निरोप तरी द्या.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काही स्टार ट्रेक बघितलं नाही, आमचा काय संबंध? संबंध आहे. कारण असाच एक न झालेला सिक्वेल मुंबईत जवळपास चाळीस वर्षं पडून आहे, आणि तो तुम्ही बघितलेल्या सिनेमाचा आहे.

घड्याळ, लाल दिवा आणि दहा-बारा पोरं

२५ मे १९८७. 'मिस्टर इंडिया' रिलीज झाला. दिग्दर्शक शेखर कपूर, निर्माते बोनी कपूर, लेखक सलीम-जावेद. त्या जोडीने वेगळं व्हायच्या सुमारास लिहिलेल्या शेवटच्या सिनेमांपैकी हा एक. अदृश्य करणारं घड्याळ, लाल प्रकाशात तेवढा दिसणारा माणूस, बेटावर अड्डा करून क्षेपणास्त्रं ताणून बसलेला खलनायक. हिंदीत सायन्स फिक्शन चालत नाही असं म्हणणाऱ्यांना आजही पहिलं उदाहरण याच सिनेमाचं देतात. आणि हे सगळं कॉम्प्युटर नसताना. हवेत तरंगणारी बाटली, आपोआप हलणाऱ्या वस्तू, हे सगळं पीटर परेरा यांनी कॅमेऱ्यातल्या युक्त्यांनी उभं केलेलं काम होतं.

पण लोकांना घड्याळापेक्षा ते घर जास्त लक्षात राहिलं. भाडं थकलेला अरुण, त्याने सांभाळलेली अनाथ पोरं, स्वयंपाकी कॅलेंडर, वरच्या खोलीत राहायला आलेली पत्रकार सीमा. तिचे संपादक गायतोंडे, म्हणजे अन्नू कपूर. स्टार ट्रेकवाल्यांचं अंतराळयान असतं, आपल्याकडे पडकं घर होतं, एवढाच काय तो फरक. दिंडोरीत आमच्या घरी केबलवर हा सिनेमा लागला की आजीसुद्धा पोळ्या थांबवून बाहेर यायची. छोट्या टीनाचा सीन जवळ आला की तीच पहिली उठून आत जायची.

अशा सिनेमाचा दुसरा भाग यायलाच हवा होता. मग अडलं कुठे?

एक तर त्या काळात सिक्वेल ही आपल्याकडे पद्धतच नव्हती. सिनेमा हिट झाला की तीच जोडी घेऊन नवीन गोष्ट करायची, जुनी गोष्ट पुढे न्यायची नाही. सिक्वेलचा खरा जोर आला २००० नंतर, 'मुन्नाभाई', 'धूम', 'क्रिश' यांच्यामुळे. 'कोई मिल गया' २००३ चा आणि 'क्रिश' २००६ चा, म्हणजे तिथे तीन वर्षांत काम झालं. 'मिस्टर इंडिया'चं नाव सिक्वेलसाठी गंभीरपणे घेतलं जायला लागलं तोवर वीसेक वर्षं उलटून गेली होती. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला बोनी कपूर यांच्याकडून थ्रीडी सिक्वेलची चर्चा सुरू झाली. श्रीदेवी 'इंग्लिश विंग्लिश' करून परत आल्या होत्या, अनिल कपूर फिट होतेच. म्हणजे घर पुन्हा उभं राहू शकलं असतं.

पण मोगॅम्बो नव्हता. अमरीश पुरी १२ जानेवारी २००५ ला गेले होते.

वाट बघताना माणसं जातात

न झालेल्या सिक्वेलबद्दल बोलताना बहुतेक जण बजेट आणि स्क्रिप्टवर येऊन थांबतात. मला वाटतं खरा मुद्दा तारखांचा आहे. प्रोफेसर सिन्हांच्या भूमिकेतले अशोक कुमार २००१ मध्ये गेले. श्रीदेवी २४ फेब्रुवारी २०१८ ला. गाणी बसवणाऱ्या सरोज खान २०२० मध्ये. कॅलेंडर, म्हणजे सतीश कौशिक, ९ मार्च २०२३ ला. संगीतकार जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर गेले ते १९९८ मध्ये, आणि तारीख होती २५ मे, म्हणजे सिनेमा रिलीज झाला तीच.

स्टार ट्रेकच्या टीमलाही हेच झालं. चेकॉव्हची भूमिका करणारा अँटन येल्चिन जून २०१६ मध्ये घरासमोर स्वतःच्याच गाडीखाली सापडून गेला. वय फक्त २७. तिसरा भाग त्यानंतर महिन्याभरात लागला. निर्माते जे. जे. अब्राम्स यांनी तेव्हाच सांगितलं की त्याच्या जागी दुसरा कोणी घेणार नाही.

त्याच तिसऱ्या भागात एक सीन आहे, तो आठवण म्हणून सांगतो. जुना स्पॉक साकारणारे लिओनार्ड निमॉय २०१५ मध्ये गेले होते. सिनेमात तरुण स्पॉकला त्या म्हाताऱ्या स्पॉकचं सामान मिळतं. त्यात एक फोटो निघतो, १९६० च्या दशकातल्या मूळ टीमचा, सगळे म्हातारे झालेले, एकत्र उभे. बस, एवढंच. काही सेकंदांचा शॉट. पण थिएटरमध्ये लोक रडले ते याच शॉटला.

निरोप म्हणजे काय असतो?

मूळ टीमचा निरोपही सहज झालेला नाही. १९८९ चा पाचवा भाग आपटला. स्टुडिओत कल्पना निघाली की आता तरुण नट घेऊन अकादमीतल्या दिवसांवर सिनेमा करू, म्हणजे म्हातारी टीम परस्पर घरी. ती कल्पना बारगळली आणि १९९१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, कमी पैशांत सहावा भाग झाला. त्याच्या शेवटी कर्क यानाची सूत्रं पुढच्या पिढीकडे सोपवतो आणि पडद्यावर सातही मुख्य कलाकारांच्या सह्या उमटतात. मूळ निर्माते जीन रॉडनबेरी सिनेमा लागायच्या काही आठवडे आधीच गेले होते.

पुढची टीम, कॅप्टन पिकार्डवाली. तिची मालिका १९९४ मध्ये संपली तेव्हा शेवटच्या सीनला पिकार्ड पहिल्यांदाच आपल्या लोकांसोबत पत्ते खेळायला बसतो. सात वर्षं तो लांब राहिलेला असतो. झकास शेवट. पण मग सिनेमे काढले, २००२ मध्ये चौथा सिनेमा जोरात पडला आणि टीम तिथेच, अर्ध्यात सुटली. तो डाग पुसायला २०२३ उजाडलं. 'पिकार्ड' मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये सगळे परत आले, आणि शेवटी परत पत्त्यांचा डाव. २१ वर्षं लागली.

म्हणजे निरोपाला फार काही लागत नाही. सह्या, फोटो, पत्त्यांचा डाव. लागते ती तिन्ही वेळेला माणसं जागेवर असण्याची, किंवा निदान कोणीतरी वेळेत फोटो काढून ठेवण्याची.

मुंबईशी जोडलेलं एक उदाहरण आहे. 'सेन्स८' नावाची नेटफ्लिक्सची सायन्स फिक्शन मालिका, जगातल्या आठ शहरांतली आठ माणसं मनाने जोडलेली. त्यातली कला ही मुंबईची, भूमिका टीना देसाईची, शूटिंगही मुंबईत झालं. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने ती दोन सीझननंतर, ऐन उत्कंठेच्या जागी बंद केली. फॅन्सनी इतका दंगा केला की जून २०१८ मध्ये सुमारे अडीच तासांचा एकच शेवटचा भाग करावा लागला. पूर्ण सीझन नाही. फक्त निरोप. कंपनीला हिशोब परवडला आणि फॅन्सना शेवट मिळाला. स्टार ट्रेकवाले आज मागतायत ते हेच.

मराठीत 'झपाटलेला'च्या वेळी महेश कोठारेंपुढे हाच पेच होता. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्ये गेले. २०१३ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा गोष्ट लक्ष्याच्या मुलाकडे सरकवली आणि त्या जागी आदिनाथ कोठारे उभा राहिला. बाहुला तोच, आवाज दिलीप प्रभावळकरांचाच. सिनेमा कसा होता यावर वाद घाला, पण लक्ष्याच्या जागी दुसरा लक्ष्या आणला नाही, हे बरोबर केलं.

दूरदर्शनचा 'कॅप्टन व्योम' मात्र त्याच रांगेत अडकलाय. १९९८ ची मालिका, दिग्दर्शक केतन मेहता, कॅप्टन मिलिंद सोमण. काही वर्षांपूर्वी त्यावर चित्रपटमालिका करायची घोषणाही झाली. 'विश्वप्रमुख' झालेले टॉम ऑल्टर २०१७ मध्येच गेले.

मग 'मिस्टर इंडिया' नेमका कोणाचा?

हा सगळ्यात मजेशीर भाग. फेब्रुवारी २०२० मध्ये दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी झी स्टुडिओसोबत 'मिस्टर इंडिया'वर तीन सिनेमे करणार असं जाहीर केलं. शेखर कपूर ट्विटरवर भडकले, मला कोणी विचारलंसुद्धा नाही म्हणाले. सोनम कपूरने लिहिलं की माझ्या वडिलांनाही विचारलेलं नाही. यावर जावेद अख्तर शेखर कपूर यांनाच उलटे म्हणाले, की गोष्ट, पात्रं, संवाद, गाणी, अगदी नावसुद्धा तुमचं नव्हतं, ते मी दिलेलं होतं.

कोण बरोबर? कायदा काढून बघितला तर शेखर कपूर यांची बाजू सगळ्यात कमकुवत निघते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सिनेमाचा 'कर्ता' हा निर्माता असतो. कथा-पटकथेचा कर्ता लेखक, गाण्याच्या शब्दांचा गीतकार, चालीचा संगीतकार. दिग्दर्शकाचं नाव या यादीतच नाही. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही निर्मात्यासोबत कर्ता मानायचा प्रस्ताव होता, पण २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा तो त्यात राहिला नाही. लेखक आणि संगीतकारांच्या रॉयल्टीची बाजू मात्र त्याच दुरुस्तीने बळकट केली.

म्हणजे ज्याने ते घर कॅमेऱ्यातून उभं केलं, त्याला विचारायची कायद्याने गरज नाही. बरं दिसलं असतं, एवढंच. मला विचाराल तर फोन करायलाच हवा होता.

त्या घोषणेनंतर महिन्याभरात लॉकडाऊन लागलं. तीनपैकी एकही सिनेमा अजून आलेला नाही.

मग एआयने करा की!

कमेंटमध्ये हे कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. हॉलिवूडमध्ये दोन रस्ते वापरून झालेत. २०१६ च्या 'रोग वन'मध्ये १९९४ साली वारलेले पीटर कुशिंग डिजिटल चेहऱ्याने परत आणले, आणि बऱ्याच लोकांना ते बघताना कसंतरी झालं. कॅरी फिशर गेल्यावर २०१९ च्या 'राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये तसं न करता आधीच्या सिनेमातलं न वापरलेलं फुटेज घेतलं. चेहरा तिचा, अभिनयही तिचाच. दुसरा रस्ता जास्त प्रामाणिक वाटतो, पण त्यासाठी तसं फुटेज कोणीतरी जपून ठेवलेलं असावं लागतं.

आपल्याकडे अनिल कपूर यांनी वेळेत कुंपण घातलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांचं नाव, आवाज, चेहरा परवानगीशिवाय, एआयनेसुद्धा, वापरायला मनाई करणारा आदेश दिला. त्यात 'झकास' हा शब्दही आला, ते ज्या पद्धतीने म्हणतात तसा. आपला रोजचा मराठी शब्द कोर्टाच्या कागदावर! (घाबरू नका, वर मी वापरलाय तसा वापरायला बंदी नाही.) म्हणजे घड्याळ घातलेला अरुण पडद्यावर यायचा असेल तर खुद्द अनिल कपूर यांनी हो म्हणायला हवं.

ते आहेत. अन्नू कपूर आहेत, दागा झालेले शरत सक्सेना आहेत, शेखर कपूर आहेत, जावेद अख्तर आहेत. आणि त्या घरातली पोरंही आहेत. त्यातला एक अहमद खान, आता कोरिओग्राफर आणि दिग्दर्शक. दुसरा आफताब शिवदासानी. सिनेमा लागला तेव्हा अनिल कपूर तिशीत होते. पोरं आता त्या अरुणपेक्षा वयाने कितीतरी मोठी झालीत.