दारात जुनी जीप आली, पण ओळख झाली का?

घरात जुनी जीप आली की पहिले आठ दिवस कौतुकाचे जातात. शेजारी येऊन बघून जातात, मुले बॉनेटवर बसून फोटो काढतात, घरधनी संध्याकाळी फडके घेऊन काचा पुसत बसतात. आपण हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. नवव्या दिवसापासून मात्र गाडी आपला स्वभाव दाखवू लागते.

आमच्याकडे हा नववा दिवस जरा लवकरच उजाडला. कोकणात आमची थोडी कलमे आहेत. बागेकडे जाणारा शेवटचा रस्ता कच्चा आणि चढाचा. पावसाळ्यात तिथे साधी मोटार चढत नाही, म्हणून ह्यांनी निवृत्तीनंतर जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली. दुसऱ्याच रविवारी मागचे चाक पंक्चर झाले. जागा किंचित उताराची होती. मुलाने हँडब्रेक घट्ट ओढला, जॅक लावला, चाक जमिनीवरून उचलले आणि गाडी हलली! जॅक कलंडला. मुलाचा हात चाकाशीच होता, तो त्याने कसाबसा मागे ओढला. खरचटण्यावर निभावले.

“अहो, हँडब्रेक तर ओढला होता!” असे आम्ही तिघेही मिस्त्रींना पुन्हा पुन्हा सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “वहिनी, तुमच्या गाडीचा हँडब्रेक चाकावर नाहीच. मागच्या चाकांकडे जो लांब दांडा जातो ना, त्याच्यावर आहे. एक चाक उचललंत की तो असून नसल्यासारखा.”

मैत्रिणींनो, गाडीत काही बिघाड नव्हता. जुन्या घडणीच्या अनेक जीपमध्ये हँडब्रेक असाच असतो. मागच्या दोन चाकांच्या मधे जो गोळा दिसतो, त्यात डिफरन्शियल असते. दांडा जागच्या जागी धरून ठेवला तरी उचललेले चाक एका दिशेने फिरू शकते, जमिनीवरचे उलट दिशेने फिरते आणि गाडी घसरते. हे ठाऊक नव्हते ते आम्हाला. म्हणूनच हा लेख. जुनी जीप पैसे मोजून दारात येते हे खरे, पण तिच्यात मुलांना बसवण्याआधी तिची नीट ओळख करून घ्यायला हवी. आणि ही ओळख फक्त पुरुषमंडळींवर सोपवून चालत नाही.

ही गाडी मुळात कशासाठी?

जीप जन्माला आली ती दुसऱ्या महायुद्धात, सैन्याच्या कामासाठी. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे डॉक्टर, बीडीओ, जंगलखाते, निवडणुकीचा प्रचार आणि खेडोपाडीचे वडाप अशी सगळ्यांची ओझी या गाड्यांनी वाहिली. मारुतीची जिप्सी आली १९८५ साली. म्हणजे आज जी जुनी गाडी तुमच्या दारात आहे, तिने कित्येक मालक आणि कित्येक मिस्त्री पाहिलेले असणार. कोणी इंजिन बदलले असेल, कोणी ब्रेक, कोणी गिअरबॉक्स. त्यामुळे “अमुक जीपला तमुक असते” या ऐकीव माहितीवर राहू नका. मिस्त्रींना अंगणात बोलवा, चहा द्या आणि विचारा, “आमच्या ह्या गाडीचा हँडब्रेक कुठे आहे? पुढचे ब्रेक कोणते? तेल कुठे कुठे घालायचे?” तासाभरात निम्मी ओळख होते.

रंग नंतर, कागद आधी

साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, तशी गाडी खालून बघायची असते. चकचकीत नवा रंग पाहून भुलू नका. जाड रंगाखाली गंज सहज लपतो. पायाखालची रबरी मॅट उचला. बॅटरीखालचा पत्रा, दाराचे तळ आणि मुख्य म्हणजे चासीचे दोन्ही लांब बीम स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीबाबत तर अधिकच दक्ष राहा. पत्रा नवा बसवता येतो. चासी कुजलेली असेल तर तो व्यवहारच नको.

चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीप पुष्कळ आहेत. तो बदल आरसीवर नोंदलेला नसेल तर पुढचा सगळा मनस्ताप तुमच्या वाट्याला येतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ही मुदत कधी संपते ते पाहा. आपल्या राज्यात १५ वर्षांवरील गाडीला पर्यावरण कर असतो, तोही भरला आहे ना ते विचारा. गाडी नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. आणि विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत करायचा असतो. “करू सावकाश” म्हणून हे काम फळीवर टाकू नका.

तो दुसरा दांडा

गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक, काही गाड्यांत दोन, छोटे दांडे असतात. घरातली मुले पहिल्या दिवशी त्यांनाच हात लावतात! एरवी या गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. हा दांडा टाकला की ती पुढच्या चाकांनाही जाते. यालाच आपण “फोर-व्हील टाकणे” म्हणतो.

इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा. फोर-व्हील हे चिखल, वाळू, ओले गवत आणि सुट्या खडीसाठी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी नाही. वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची लहान. मातीत चाक जरासे घसरते आणि तो फरक भरून निघतो. डांबरावर ते घसरत नाही, मग सारा ताण आतल्या गिअरवर येतो. स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते आणि दांडा अडकून बसतो. असे झाले तर दांड्याशी झटापट करू नका. सरळ रेषेत चार-पाच हात मागे जा. बहुधा ताण सुटतो आणि दांडा आपोआप निघतो.

काही गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायची चकती असते. ती हबची कळ. फोर-व्हील टाकण्याआधी खाली उतरून दोन्ही बाजूंच्या चकत्या “लॉक” वर फिरवायच्या असतात. एक बाजू लॉक आणि एक मोकळी असे कधीही ठेवू नका. आणि चिखल समोर दिसला की आधीच हे करा. गाडी रुतल्यावर गुडघाभर राडीत उभे राहून चकती फिरवण्याचा अनुभव मी घेतलेला आहे, तुम्ही घेऊ नका!

“लो” हा सर्वांत ताकदवान आणि सर्वांत संथ गिअर. तो गाडी पूर्ण थांबवूनच टाकायचा. निसरड्या उतारावरून खाली येतानाही तो फार उपयोगी पडतो, कारण इंजिनच गाडीला मागे खेचून धरते. शिवाय महिन्यातून एकदा, गरज नसली तरी, हब लॉक करून मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा मैल गाडी फिरवा. यावेळी दांडा मात्र साध्या टू-व्हीलवरच ठेवायचा. शिलाई मशीन बरेच दिवस बंद राहिले की कसे जड चालते? तसेच हे. आतल्या भागांना तेल लागते राहिले पाहिजे.

टायर पाचही एकाच मापाचे हवेत. “दोन नवे, दोन जुने, एक कुठला तरी” ही काटकसर फोर-व्हीलमध्ये महागात पडते.

पळवणे सोपे, थांबवणे कठीण

चारही चाकांना ताकद मिळते ती पुढे जाण्यासाठी. थांबण्यासाठी ती काहीच मदत करत नाही. पुष्कळ नव्या मालकांची नेमकी इथेच फसगत होते. जुन्या जीपचे ब्रेक सहसा चारही चाकांना ड्रमचे असतात. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर थोडे अंतर अगदी हळू चालवत ब्रेक हलकेच दाबत राहा. ते सुकून धरू लागले, अशी खात्री पटल्यावरच वेग घ्या.

शिवाय जुन्या घडणीत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच असतो. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून रबरी नळ्या बघत जा आणि ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतला ओलावा शोषते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याचा मोह घातक आहे. आणि फरशीवरून पाणी वाहत असेल तर फोर-व्हीलच्या भरवशावर गाडी घालू नका. वाहते पाणी गाडीला उचलते. उशीर झाला तर होऊ द्या.

गाडी उंच, आखूड आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेली असल्यामुळे वेगात वळवली की कलते. मागच्या आडव्या बाकांवर मुले दाटीने बसवून गाणी म्हणत जायचे दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत; आठवणी गोड आहेत, पण ती पद्धत आता सोडा. पट्टा नसलेल्या बाकावर मूल बसवायचे नाही. पुढे तोंड करून बसण्याची आसने आणि पट्टे मजबूत जागी, नियमाला धरून बसवून घ्या. गाडीच्या रंगापेक्षा हा खर्च आधी.

रविवारची पंधरा मिनिटे

गाडी थंड असताना सकाळी करायची कामे:

रेडिएटरचे पाणी बघा. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण उघडणे. आपण गृहिणींना ते वेगळे सांगायला नको!

इंजिन ऑइल पट्टीवर बघा. महिन्यातून एकदा गिअरबॉक्स, फोर-व्हीलची पेटी आणि पुढचा-मागचा गोळा यांतील तेल मिस्त्रींकडून तपासून घ्या. खोल पाण्यातून गाडी गेली असेल तर लगेच. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, ते बदलायलाच हवे.

पट्टा, होस आणि वायरी हाताने चाचपा. उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा गाडीत खाऊचे कागद पडू देऊ नका. गाडी पेट्रोलवर असेल तर वास घेऊन बघा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात. वास आला की गाडी सुरू करू नका, आधी नळी बदला. आग विझवण्याचे छोटे नळकांडे हाताशी येईल असे बसवा.

डब्यात एक जास्तीचा पट्टा, होस, फ्यूज, टॉर्च, पाच लिटर पाणी आणि लाकडाच्या दोन पाचरी असू द्या.

एक वही आपली

वाण्याची आणि दुधाची वही आपण ठेवतो, तशी गाडीची एक ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे झाले. मिस्त्रींनी जुना भाग काढला की तो मागून घ्या आणि तो का गेला ते विचारा. “बायकांना काय कळतंय” असे म्हणणारा एखादा भेटतोही. वाद घालू नका, वही उघडा. मागच्या आषाढात बदललेले बेअरिंग पुन्हा कसे गेले, हा प्रश्न शांतपणे विचारला की आवाज आपोआप खाली येतो.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे: “जागा सपाट. चाकाला दोन्हीकडून पाचर. नट आधी सैल, मग जॅक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाणार नाही.” पाचरी आम्ही सुताराकडून बाभळीच्या लाकडाच्या करून घेतल्या.

येत्या रविवारी तुम्हीही एवढेच करा. पंक्चर होण्याची वाट न पाहता अंगणात सगळ्यांनी मिळून एकदा चाक काढून परत बसवा. मुलीलाही बोलवा, सुनेलाही. हात काळे होतील. राखेने नाही तर बेसनाने निघतात!