मतदार घडवणारा पक्ष

ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाच्या प्रचारकौशल्याचा विषय निघाला की 'लेबर इझन्ट वर्किंग' हे 1978 चे पोस्टर हमखास आठवते. साची अँड साची या जाहिरात संस्थेने त्यावर बेकारांची लांबच लांब रांग दाखवली होती. पण विरोधात बसून सत्ता मिळवणे वेगळे आणि सत्तेवर असताना पुन्हा निवडून येणे वेगळे. 1983 मध्ये मार्गारेट थॅचर मतदारांपुढे गेल्या तेव्हा बेकारांचा आकडा 30 लाखांवर गेला होता, म्हणजे त्यांच्याच राज्यात तो दुपटीहून अधिक वाढला होता. तरीही पक्षाला 397 जागा मिळाल्या.

फॉकलंड युद्धातल्या विजयाने हवा बदलली, हे खरेच. मजूर पक्षातून फुटलेल्यांनी लिबरलांशी युती केली आणि विरोधी मते 27.6 व 25.4 टक्के अशी दुभंगली, हेही विसरून चालणार नाही. हुजूर पक्षाच्या मतांची टक्केवारी तर 1979 पेक्षा घटलीच होती. पण या पक्षाची खरी निवडणूकनीती मला 1980 च्या गृहनिर्माण कायद्यात दिसते. नगरपालिकेच्या घरात किमान तीन वर्षे भाड्याने राहणाऱ्याला ते घर 33 ते 50 टक्के सवलतीत विकत घेण्याचा हक्क या कायद्याने दिला. वडिलांच्या काळापासून मजूर पक्षाला मत देणारा कामगार घरमालक झाला, गृहकर्जाचे हप्ते भरू लागला आणि व्याजदराच्या बातम्या लक्ष देऊन ऐकू लागला. दशक सरेपर्यंत अशी 10 लाखांहून अधिक घरे विकली गेली. ब्रिटिश टेलिकॉम आणि ब्रिटिश गॅसचे शेअर सामान्यांपर्यंत पोहोचवण्यामागेही हाच विचार होता. 1992 मध्ये जॉन मेजर लाकडी खोक्यावर उभे राहून चौकाचौकांत बोलले, त्याचे कौतुक आजही होते. मजूर पक्ष कर वाढवेल ही भीती मात्र लोकांना भिडली, कारण जपण्यासारखे काहीतरी आता त्यांच्या पदरात होते. पक्षाला त्या वेळी 1.4 कोटी मते पडली.

याच धोरणात पुढच्या पराभवाचे बीजही होते. घरविक्रीतून आलेला पैसा नवी घरे बांधायला मोकळेपणाने वापरण्याची मुभा नगरपालिकांना दिली गेली नाही. एका पिढीला मिळालेले पुढच्या पिढीला नाकारले गेले, आणि हा मला घोर अन्याय वाटतो. इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण 2003 च्या सुमारास 71 टक्क्यांवर पोहोचले आणि नंतर घसरत गेले.

2017 मध्ये थेरेसा मे यांनी तर हक्काच्या मतदारालाच घाबरवले. वृद्धांच्या देखभालीचा खर्च त्यांच्या घराच्या किमतीतून वसूल करण्याचे वचन जाहीरनाम्यात आले आणि चारच दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. 42 टक्के मते मिळूनही बहुमत गेले. 2019 चा बोरिस जॉन्सन यांचा विजय ब्रेक्झिटच्या एकाच प्रश्नावरचा होता. तो प्रश्न संपताच ती मतेही सैल झाली.

2024 मध्ये ऋषी सुनक यांनी निवृत्तांना करसवलत आणि अठरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय सेवेची सक्ती देऊ केली. पहिले घर घेणाऱ्यांसाठीही आश्वासने होती, पण चौदा वर्षे सत्ता भोगलेल्या पक्षाच्या तोंडून ती कोणाला पटणार? पक्षाला 121 जागा मिळाल्या, आजवरच्या सर्वांत कमी. या पराभवाचे खापर सुनक यांच्या सहा आठवड्यांच्या प्रचारावर फोडणे चुकीचे आहे. न बांधलेल्या घरांचा चाळीस वर्षांचा हिशेब मतदारांनी त्या दिवशी चुकता केला.